तंबोऱ्याच्या पेटीची चाके

आमच्या शाळेचा तंबोरा मिरजेचा, शिकलगार कारागिरांच्या हातचा. मिरजेच्या तंबोऱ्याला २०२४ साली जीआय मानांकन मिळाले, तेव्हा मी वर्गात मुलांना ती बातमी उर्दूत सांगितली होती. पुढे स्पर्धेहून परतताना फलाटावर पेटीचे चाक लादीच्या फटीत अडकले, पेटी आडवी झाली आणि भोपळ्याला तडा गेला.

वाद्याला आपण हजारो रुपये मोजतो, चाकांकडे बघतही नाही, हे मला चुकीचे वाटते. आमच्या फायबरच्या पेटीला दोन इंची, कडक प्लॅस्टिकची चाके होती. आपल्या रस्त्यांवर प्रत्येक खड्याचा धक्का त्यांतून थेट भोपळ्यापर्यंत पोचतो. चार इंची रबरी चाक फट ओलांडते, धक्काही पचवते.

जुने रिबीट ड्रिलने काढायचे. आतून प्लायवूडची पट्टी हवीच. नुसत्या फायबरमध्ये बोल्ट टिकत नाही, भोक मोठे होत जाते. बोल्टचे चपटे डोके आत, नट बाहेर आणि डोक्यावर जाड फोम. दोन चाके स्थिर, दोन फिरती, ब्रेकवाली. चारही फिरती घेतली तर उतारावर पेटीच आपल्याला ओढत नेते!

सायकलवाल्या चाचांनी एका दुपारी हे करून दिले. पावतीवर शेरा आला, "वाद्यखर्चात चाके कशी?" शेवटी संगीताच्या बाईंनी आणि मी निम्मे निम्मे भरले.

तडा मिरजेत सांधला. परत येताना शिपाई मामा पेटी एका हाताने ढकलत होते.