बाळसे आणि बळ

२००४ साली ‘लॅन्सेट’ या ब्रिटिश वैद्यकीय नियतकालिकात दोन डॉक्टरांचा फोटो छापून आला. एक पुण्याच्या केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक, दुसरे लंडनचे डॉ. जॉन युडकिन. उंचीच्या मानाने वजन किती हे सांगणारा बीएमआय दोघांचा तंतोतंत सारखा, २२.३. म्हणजे दोघांपैकी कुणालाही कुणी जाडा म्हणणार नाही. शरीरातली चरबी मोजली तेव्हा मात्र युडकिन यांची ९.१ टक्के निघाली आणि याज्ञिकांची २१.२ टक्के. दुपटीहून जास्त.

हा फरक येतो कुठून, याचे उत्तर पुण्याजवळच्या सहा खेड्यांत सापडू लागले होते. १९९३ पासून तिथल्या तरुण विवाहितांची मोजमापे दिवस राहण्याच्या आधीपासून घेतली जात होती. आयांचे सरासरी वजन जेमतेम ४२ किलो. शेतातली कामे, पाणी भरणे, सरपण आणणे गरोदरपणातही चालूच. त्यांची बाळे सरासरी २.७ किलोच्या आसपास भरली. इंग्लंडमधल्या साउथॅम्प्टनची बाळे साडेतीन किलोच्या घरात. लहान आईचे बाळ लहान, यात नवल नाही. नवल पुढेच होते. ही बाळे दंडाला बारीक, पोटाच्या घेरात कमी, स्नायूंनी अशक्त. पण पाठीवर खांद्याच्या फऱ्याखाली चिमटीत धरून चरबीची जाडी मोजली, तर ती इंग्रज बाळांच्या तुलनेत फारशी कमी नव्हती. गर्भात अन्न कमी पडले तेव्हा शरीराने स्नायूंवर काटकसर केली आणि चरबी राखली. किडकिडीत दिसणाऱ्या बाळात मधुमेहाची पूर्वतयारी जन्मतःच झालेली असावी, असे याज्ञिक आणि त्यांचे सहकारी तेव्हापासून सांगत आले आहेत.

त्याच अभ्यासातला आणखी एक निष्कर्ष स्वयंपाकघराशी थेट जोडलेला आहे. बाळाच्या आकाराचा संबंध आईने किती उष्मांक खाल्ले यापेक्षा ती पालेभाज्या, फळे आणि दूध किती वेळा खाते-पिते याच्याशी अधिक दिसला. ‘दोन जिवांची आहेस, दोन घास जास्त खा’ म्हणणाऱ्या सासवांनी त्या घासात मेथी-चाकवत आहे की नुसताच भात, हेही पाहायला हवे होते तर!

इंग्लंडमधल्या हॅरो किंवा स्लाऊमध्ये बसून हे वाचणारा म्हणेल, ती खेड्यातली गरिबी झाली, इथे आपल्या मुलांना काय कमी आहे? त्याने सुरिनामकडे पाहावे. १८७३ मध्ये ‘लालारूख’ जहाजातून उत्तर हिंदुस्थानातले मजूर तिथे उतरले आणि पुढे त्यांच्या वंशजांची हिंदुस्थानी वस्ती झाली. त्यांच्या चौथ्या-पाचव्या पिढीतल्या नवजात बाळांची मोजमापे २००९ मध्ये प्रसिद्ध झाली. पुण्याच्या खेड्यांत दिसलेली ठेवण तिथेही होती: वजन कमी, चरबी टिकून. पासपोर्ट बदलल्याने शरीराची ही सवय एका-दोन पिढ्यांत जात नाही.

याचा अर्थ ‘आपली माणसे अशीच’ म्हणून हात झटकायचे, असा मात्र नव्हे. जागतिक आरोग्य संघटनेने २००६ मध्ये वाढीचे नवे तक्ते काढले, त्यासाठी ओस्लो, मस्कत, आक्रा, ब्राझीलमधले पेलोतास, कॅलिफोर्नियातले डेव्हिस आणि आपली दिल्ली इथली, नीट खायला-प्यायला मिळणारी मुले निवडली होती. लहानपणीच्या उंचीत या शहरांमधला फरक अगदी किरकोळ निघाला. तेव्हा बुटकेपणाचे सगळे खापर आजोबांच्या माथी फोडण्यात अर्थ नाही. महाराष्ट्रात २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत पाच वर्षांखालची ३५.२ टक्के मुले वयाच्या मानाने खुजी आढळली. हा आकडा वंशाचा नाही, ताटाचा आणि आईच्या तब्येतीचा आहे.

आणि वेळेचाही. ग्वाटेमालातल्या चार खेड्यांत १९६९ ते १९७७ या काळात एक प्रयोग झाला. दोन खेड्यांत मुलांना प्रथिनयुक्त पेज मिळे, दोन खेड्यांत प्रथिने नसलेले गोडसर पेय. ती मुले मोठी झाल्यावर संशोधक पुन्हा त्यांच्याकडे गेले. पहिल्या दोन वर्षांत पेज मिळालेल्या पुरुषांची ताशी कमाई दुसऱ्या गटाहून सुमारे ४६ टक्क्यांनी जास्त होती. तिसरे वर्ष उलटल्यावर पेज मिळालेल्यांना कमाईत तसा फायदा दिसला नाही.

ब्रिटनचा स्वतःचा पुरावा तर साखरेच्या डब्यातच आहे. युद्धकाळापासून चालत आलेले साखरेचे रेशनिंग इथे सप्टेंबर १९५३ मध्ये उठले आणि खप जवळजवळ दुप्पट झाला. त्या तारखेच्या अलीकडे आणि पलीकडे जन्मलेल्यांच्या प्रकृतीची तुलना २०२४ मध्ये ‘सायन्स’मध्ये आली. गर्भात आणि पहिल्या दोन वर्षांत रेशनची साखर वाट्याला आलेल्यांना पुढे मधुमेह होण्याचा धोका सुमारे ३५ टक्क्यांनी आणि रक्तदाबाचा सुमारे २० टक्क्यांनी कमी होता. आजीने दुधात घातलेला चमचाभर साखरेचा लाड इतका लांबवर पोचतो.

आपल्या मराठी मंडळातल्या गप्पांमध्ये मात्र बाळाच्या प्रकृतीचे माप अजूनही गालच ठरवतात. ‘किती वाळलाय गं!’ हा शेरा ऐकून आई घरी जाते आणि दुसऱ्या दिवसापासून बिस्किटे, दुधात चॉकलेट पावडर, टीव्हीसमोर भरवलेले जास्तीचे चार घास सुरू होतात. बाळसे दिसते, बळ येत नाही. इंग्लंडमधल्या शाळांत रिसेप्शन आणि इयर सिक्सच्या मुलांची उंची-वजन मोजून घरी पत्र येते. ते ‘वजन योग्य’ म्हणाले तरी आपल्याला तेवढ्यावर निर्धास्त राहता येत नाही, कारण दक्षिण आशियाई मुलांत बीएमआय चरबी कमी दाखवतो. ब्रिटिश संशोधकांनी अशा मुलांच्या बीएमआयमध्ये साधारण १.१ मिळवून मग तक्ता पाहावा असे २०१७ मध्ये सुचवले आहे. पत्र ‘वजन जास्त’ म्हणाले, तर शाळेवर रागावण्याआधी हे आठवावे.

ऊन हा इथला वेगळाच प्रश्न. १९६० च्या दशकात ग्लासगोत दक्षिण आशियाई कुटुंबांतल्या मुलांमध्ये मुडदूस आढळू लागला तेव्हा डॉक्टरही चकित झाले होते. पुढे तिथे ‘ड’ जीवनसत्त्व मोफत वाटल्यावर रुग्ण कमी झाले. सावळी कातडी आणि ढगाळ आभाळ बदलता येत नाही, ‘ड’ जीवनसत्त्वाचे थेंब देता येतात. एनएचएसचा सल्ला स्पष्ट आहे: अंगावर पिणाऱ्या बाळाला जन्मापासून रोज ८.५ ते १० मायक्रोग्रॅम, एक ते चार वर्षांच्या मुलांना वर्षभर रोज १० मायक्रोग्रॅम.

आपल्याकडून आलेल्या काही रीतींनाही चाळणी लावायला हवी. तान्ह्याच्या जिभेवर मधाचे बोट लावू नये. वर्षाच्या आतल्या बाळाला मधातून बॉट्युलिझम होऊ शकतो. वरणाचे पाणी हा तर जुना भ्रम आहे. डाळ भांड्याच्या तळाशी राहते आणि बाळाच्या एवढ्याशा पोटात पाणी जाते. घट्ट वरण कालवलेला मऊ भात आणि वर तूप, हे सहा महिन्यांनंतरच्या बाळाला त्याहून कितीतरी बरे. नाचणी मात्र खुशाल बॅगेत भरून आणावी. १०० ग्रॅममध्ये साडेतीनशे मिलिग्रॅमच्या जवळपास कॅल्शियम देणारे दुसरे धान्य शोधून सापडायचे नाही. गाईचे दूध मुख्य पेय म्हणून वर्ष पूर्ण झाल्यावरच.

मंडळाच्या कार्यक्रमांत मोठ्यांना मसालेभात, कोशिंबीर, मठ्ठा आणि मुलांसाठी बाजूला पिझ्झा, चिप्स, गोड पेये, ही विभागणी आता मोडावी. मुलांना वेगळे जेवण लागते, हा समज मोठ्यांनीच करून दिलेला आहे. येत्या गणेशोत्सवात एकच पंगत असावी, मुलांच्या पानात तिखट कमी आणि उसळ जास्त असावी, असा प्रस्ताव कार्यकारिणीपुढे ठेवत आहोत. सभासदांपैकी आहारतज्ज्ञ आणि बालरोगतज्ज्ञांनी त्यात भर घालावी.

एक विनंती मात्र गणेशोत्सवापर्यंत थांबणारी नाही. पुण्याच्या त्या खेड्यांत जवळपास दोन तृतीयांश गरोदर स्त्रियांत बी-१२ जीवनसत्त्व कमी होते. ज्या आयांमध्ये बी-१२ कमी आणि फोलेट जास्त होते, त्यांच्या मुलांत सहाव्या वर्षीच इन्सुलिनला दाद न देण्याचे प्रमाण अधिक आढळले. फॉलिक ॲसिडची गोळी इथे सर्वांनाच सांगितली जाते आणि ती घ्यायचीच आहे. बी-१२ ची चौकशी मात्र बहुतेक वेळा आपणहून करावी लागते. घरात पाळणा हलण्याची वाट पाहणाऱ्या सभासद भगिनींनी, विशेषतः ज्या मांस, मासे, अंडी खात नाहीत त्यांनी, पुढच्या भेटीत जीपीला किंवा मिडवाइफला त्याबद्दल जरूर विचारावे.