भाकरी रोजचीच

‘देवावर अवलंबून राहणे’ हे शब्द महाविद्यालयात उच्चारले की ऐकणाऱ्याच्या चेहऱ्यावर हसू उमटते. ‘असेल माझा हरी तर देईल खाटल्यावरी’ ही म्हण लगेच ऐकविली जाते. स्वतःच्या पायावर उभे राहू पाहणाऱ्या तरुणाने देवापुढे हात पसरावा, हे अनेकांना दुबळेपणाचे लक्षण वाटते. माझ्या मते हा आक्षेप गैरसमजातून येतो. ख्रिस्ती माणूस देवाकडे नेमके काय मागतो हे पाहिले, तर म्हणीतला आळशी आणि प्रार्थना करणारा भक्त हे दोघे एक नव्हेत, हे ध्यानात येईल.

येशूने शिष्यांना शिकविलेली प्रार्थना अगदी छोटी आहे. तिच्यात धान्याचे कोठार मागितलेले नाही, की आयुष्यभराची शाश्वती मागितलेली नाही. मागणी आहे ती आजच्या अन्नाची. मराठी बायबलात तेथे ‘भाकर’ हा शब्द आला आहे आणि तो मला फार अर्थपूर्ण वाटतो. ज्वारीची भाकरी म्हणजे काय, हे आपणा खेड्यातल्या मुलांना सांगावयास नको. तव्यावरून उतरली की मऊ, एस.टी.ने डब्यातून वसतिगृहावर येईपर्यंत ती वातड होते. लोणचे वर्षाचे घालता येते, पापड-कुरडया उन्हाळ्यात करून ठेवता येतात. भाकरी मात्र रोज थापावी लागते. आत्म्याच्या अन्नाचेही असेच आहे.

जुन्या करारातील निर्गम या पुस्तकात मान्न्याची हकीकत आहे. मिसर देशाच्या गुलामगिरीतून सुटलेले इस्राएल लोक रानात उपाशी पडले, तेव्हा सकाळी दहिवर उडाल्यावर जमिनीवर हे अन्न दिसू लागले. माप ठरलेले होते, माणशी एक ओमर. ज्यांनी दुसऱ्या दिवसासाठी राखून ठेवले त्यांच्या मान्न्यात किडे पडले. शब्बाथाच्या आदल्या दिवशी तेवढे दुप्पट गोळा करावयाचे. परंतु एक गोष्ट आपण विसरतो. हे अन्न कोणाच्याही खाटल्यावर पडले नाही. ऊन तापले की ते वितळून जाई. म्हणून पहाटे उठून, तंबूबाहेर जाऊन, वाकून वेचावे लागे. देणारा देव, पण वेचणारा माणूस!

याचे उदाहरण आपल्याच महाराष्ट्रात आहे. पंडिता रमाबाईंच्या कार्यासाठी अमेरिकेतील मित्रमंडळींनी दहा वर्षे मदत देण्याचे मान्य केले होते. ती मुदत 1898 मध्ये संपली. तोपर्यंत 1896-97 च्या दुष्काळातील अनेक निराधार मुली रमाबाईंनी आणल्या होत्या. केडगावच्या मुक्ती सदनाचा संसार त्यांनी प्रार्थनेच्या बळावर चालविला, परंतु हात जोडून त्या स्वस्थ बसल्या नाहीत. तेथे विहिरी खणल्या, शेती केली, माग चालविले, छापखाना घातला. इतक्या व्यापात हिब्रू व ग्रीक शिकून त्यांनी बायबलचे मराठी भाषांतर केले आणि 1922 मध्ये मृत्यूपूर्वी ते पुरे केले. अशा बाईला परावलंबी कोण म्हणेल?

आता थोडे स्वतःविषयी. आमच्या घरात ख्रिस्ती धर्म पणजोबांपासून आहे. कॉलेज मात्र माझ्यापासून सुरू झाले. बी.ए. झाल्यावर पुढे काय, या प्रश्नाचे उत्तर घरात कोणाजवळ नाही. आई-वडिलांनी शेतात राबून पाठविलेल्या पैशांचा हिशेब रात्री डोळ्यांपुढे उभा राहतो. अशा वेळी पणजोबांची श्रद्धा मला पुरत नाही. ती त्यांच्या दिवसाची भाकरी होती. माझ्या आजीला अक्षरओळख नाही, तरी ती रोज पहाटे नव्याने प्रार्थनेला बसते. काल केली होती म्हणून आज चालेल, असे तिने कधी म्हटले नाही. मला वाचता येते, पण वाचता येणे म्हणजे जेवणे नव्हे. रविवारच्या उपदेशावर आठवडा काढू पाहणारे आपण सुशिक्षित ख्रिस्ती तरुण तिच्यापेक्षा अधिक उपाशी आहोत, असे माझे प्रांजळ मत आहे.

याचा अर्थ उद्याची तयारी करू नये, असा मुळीच नाही. अभ्यासाचे वेळापत्रक आखलेच पाहिजे. पण तयारी निराळी आणि चिंता निराळी. तयारी आजचे काम करविते. चिंता आजचे बळ उद्यावर उधळते. आजच्यापुरते बळ मागून आजचे काम उरकणे, हीच माझ्या समजुतीप्रमाणे देवावरची भिस्त.

आणखी एक मुद्दा. त्या प्रार्थनेत ‘माझी’ भाकर नाही, ‘आमची’ आहे. मान्ना मापला तेव्हा जास्त वेचणाऱ्याला उरला नाही आणि कमी वेचणाऱ्याला कमी पडला नाही, असे शास्त्र सांगते. वसतिगृहात एखाद्याचा डबा आला नाही तर आपण आपल्यातली भाकरी मोडून देतोच. तोच नियम फी थकलेल्या, निकालाने खचलेल्या, या गर्दीत एकट्या पडलेल्या सोबत्यालाही लागू आहे. ‘आमची’ म्हणून मागावयाचे आणि दार लावून एकट्याने खावयाचे, ही प्रार्थना नव्हे. देवाकडून रोज मिळते, यावर ज्याचा खरोखर विश्वास आहे, त्याला आजची अर्धी भाकरी देऊन टाकण्याची भीती वाटत नाही.