जुनी गाडी घ्यायची तर...



विश्रामबाग आणि आसपासच्या वस्त्यांतली आपली कितीतरी मुले आज शिरोली, गोकुळ शिरगाव, कागलच्या कारखान्यांत कामाला आहेत. पहाटे घर सोडायचे, अंकली, जयसिंगपूर, हातकणंगले करीत पन्नास-साठ किलोमीटर मोटारसायकल हाणायची आणि ओव्हरटाइम संपवून अंधारात त्याच रस्त्याने परतायचे. उसाचा हंगाम सुरू झाला की रस्त्यावर ट्रॅक्टरच्या दोन-दोन ट्रॉल्या असतात. मागे दिवा नाही, रिफ्लेक्टर नाही. पोर घरी येईपर्यंत आईचा जीव दारात अडकलेला असतो. आणि ही भीती उगाच नाही. केंद्र सरकारच्या आकडेवारीप्रमाणे २०२२ साली देशात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसे गेली. त्यांतली शंभरातली ४४ दुचाकीवरची होती.

म्हणून घरोघरी एकच विषय निघतो : एखादी जुनी चारचाकी घ्यावी का? या खेपेला आम्ही त्याविषयीच बोलणार आहोत.

गाडी ही आपल्या समाजाला नुसती चैनीची गोष्ट कधीच नव्हती. १९०१ साली लहानगे भीमराव भावंडांसह साताऱ्याहून रेल्वेने मसूर स्टेशनवर उतरले. वडिलांकडे जायला बैलगाडी हवी होती. मुले महारांची आहेत हे कळताच एकही गाडीवान तयार होईना. शेवटी दुप्पट भाडे घेऊन एकजण तयार झाला, तोही गाडी मुलांनीच हाकायची आणि आपण बाजूने चालायचे या अटीवर. पुढे १९२९ साली चाळीसगावला टांगेवाल्यांनी बाबासाहेबांना न्यायचे नाकारले. आपल्या लोकांनी टांगा भाड्याने मिळवला, पण हाकणाऱ्याला सवय नव्हती. मोरीवर अपघात झाला, बाबासाहेब दगडी फरशीवर फेकले गेले आणि त्यांच्या पायाचे हाड मोडले. हे दोन्ही प्रसंग त्यांनी स्वतः लिहून ठेवले आहेत. आपल्या मालकीच्या गाडीत ताठ मानेने बसण्याचा आनंद काय असतो, हे म्हणून आम्हाला कोणी सांगायला नको. पण मान राखणारी गाडी माणसाला सुखरूप पोचवणारीही असली पाहिजे, आणि घर बुडवणारी नसली पाहिजे.

आधी हिशेब. बहुतेक जण विचारतात, “गाडी केवढ्याला पडेल?” खरा प्रश्न असा आहे की गाडी महिन्याला किती खाईल? रोजचे जाऊन-येऊन शंभर किलोमीटर धरा. पंचवीस दिवसांचे अडीच हजार झाले. पेट्रोलची गाडी लिटरला अठरा किलोमीटर देत असेल आणि पेट्रोल १०५ रुपये धरले, तर महिन्याला साडेचौदा हजार. सीएनजीची गाडी किलोला पंचवीस किलोमीटर देत असेल आणि गॅस ९० रुपये धरला, तर नऊ हजार. दर आपापल्या पंपावरचा घालून पहा. सर्व्हिसिंग, टायर आणि विमा मिळून महिन्याला तीन हजार बाजूला ठेवावेच लागतात, कारण वर्षाला तीस हजार किलोमीटर पळणारी गाडी टायर आणि क्लच लवकर मागते. त्यात कर्ज. तीन लाख रुपये चौदा टक्क्यांनी पाच वर्षांसाठी घेतले, तर हप्ता जवळजवळ सात हजार; नुसते व्याजच १ लाख १८ हजारांवर जाते. म्हणजे सीएनजीची गाडीसुद्धा महिन्याला एकोणीस हजार खाते. वीस-बावीस हजार पगाराच्या मुलाने एकट्यासाठी हा खर्च पेलायचा म्हणजे घरातली चूल विझवायची.

भगवान बुद्धांनी सिगाल नावाच्या तरुण गृहस्थाला मिळकतीचे चार भाग करायला सांगितले. एक भाग उपभोगासाठी, दोन भाग कामधंद्यासाठी आणि चौथा अडचणीच्या काळासाठी राखून. गाडी कामाला नेते म्हणून ती धंद्याच्या भागात बसेल. पण चौथ्या भागाला हात लावायचा नाही. मुलीची कॉलेजची फी, आईचे औषध, बचत गटातले पैसे आणि बायकोच्या गळ्यातले सोने हा तो चौथा भाग. ते मोडून गाडी दारात आणू नये.

मग गाडी परवडते कोणाला? ज्या घरातली दोन माणसे एकाच दिशेला कामाला जातात त्यांना, किंवा एकाच पाळीतले चार सोबती खर्च वाटून घेतात त्यांना. इंधन आणि देखभाल मिळून बारा हजार. चौघांत प्रत्येकी तीन हजार. हप्ता मात्र मालकानेच सोसायचा, कारण गाडी त्याची राहते. एक सावधगिरी घ्या : सोबती इंधनाचा खर्च वाटून घेणारे असावेत. पांढऱ्या पाटीच्या गाडीत भाडे घेऊन माणसे नेणे कायद्याला धरून नाही, आणि अपघात झाला तर विमा कंपनी हात वर करते. ज्याला सोबती नाहीत त्याने पाळीची वेळ जुळत असेल तर मिरज-कोल्हापूर रेल्वेचा पास काढावा. त्यात कमीपणा काही नाही.

आता गाडी कोणती? रोज महामार्गावर जायचे तर गाडी अशी हवी की जिचा सुटा भाग सांगलीत मिळतो, कोल्हापुरात मिळतो आणि हातकणंगल्याचा मिस्त्रीही ती उघडतो. वॅगन-आर, सेलेरियो, टियागो यांसारख्या साध्या गाड्या याला उतरतात. मोठ्या नावाची, दहा-बारा वर्षांची आलिशान गाडी लहान गाडीच्या किमतीत मिळते, पण तिचा एक भाग बदलताना महिन्याचा पगार जातो. जुन्या डिझेल गाडीचे इंजेक्टर आणि टर्बो यांचेही तसेच. सीएनजी कंपनीने बसवलेला असेल तर उत्तम. बाहेरून बसवला असेल तर त्याची नोंद आर.सी. बुकात असली पाहिजे आणि टाकीची दर तीन वर्षांची तपासणी झालेली असली पाहिजे.

गाडीचे साल पाहताना एक तारीख लक्षात ठेवा. १ जुलै २०१९ पासून प्रत्येक नव्या मोटारीत चालकासमोर एअरबॅग सक्तीची झाली. एबीएस ब्रेकही त्याच वर्षी एप्रिलपासून सर्व गाड्यांना सक्तीचे झाले. चालकाशेजारच्या माणसासाठी एअरबॅग २०२१ अखेर सर्व गाड्यांना लागू झाली. थोडे पैसे जास्त गेले तरी या तारखांनंतरची गाडी पहावी. शेजारच्या सीटवर आपलाच भाऊ बसणार असतो.

गाडी बघायला जाताना ओळखीचा मिस्त्री बरोबर न्या. त्याला पाच-सातशे रुपये द्यावे लागले तर खुशाल द्या. पन्नास हजार वाचतात. गाडी सकाळी, इंजिन थंड असताना सुरू करायला लावा. मालकाने आधीच गरम करून ठेवली असेल तर दुसऱ्या दिवशी या. सायलेन्सरमधून निळसर धूर आला तर इंजिन ऑइल खात आहे. मीटरवर चाळीस हजार किलोमीटर आणि ब्रेकच्या पॅडलचे रबर झिजून गुळगुळीत, असे दिसले की मीटर मागे फिरवला असे समजा आणि सर्व्हिसिंगची जुनी बिले मागा. टायरच्या कडेला चार आकडी शिक्का असतो. ३२१९ म्हणजे २०१९ सालचा बत्तिसावा आठवडा. नक्षी चांगली दिसली तरी सहा-सात वर्षांचा टायर महामार्गावर फुटू शकतो. चारही चाकांची पाहणी करून त्याचे पैसे किमतीतून कमी करायला सांगा.

आपल्या भागात एक तपासणी जास्तीची करावी लागते, ती पुराची. ऑगस्ट २०१९ मध्ये आयर्विन पुलापाशी कृष्णेचे पाणी ५७ फुटांवर गेले. जुलै २०२१ मध्ये पुन्हा महापूर आला. पाण्यात बुडालेली गाडी धुऊन-पुसून, रंग मारून स्वस्तात विकायला ठेवता येते. तिच्या वायरिंगला आतून गंज चढलेला असतो आणि ती भर रस्त्यात बंद पडते. म्हणून सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून पहा, चिखलाची रेघ तिथे राहते. सीटखालच्या लोखंडी पट्ट्या, स्टेपनीची खोबण आणि कार्पेटखालचा पत्रा पहा. काचा बंद करून पाच मिनिटे आत बसा. कुबट वास येत असेल तर नमस्कार करून बाहेर पडा.

कागद मात्र गाडीपेक्षा जास्त वेळ घेऊन पहा. चेसिस आणि इंजिनचे नंबर आर.सी. बुकाशी जुळवा. ई-चलनाचे दंड थकलेले नाहीत ना, ते सरकारच्या परिवहन ॲपवर पहा. बँकेचा बोजा असेल तर बँकेची एनओसी आणि फॉर्म ३५ हातात आल्याशिवाय पूर्ण रक्कम देऊ नका. विक्रेत्याच्या फॉर्म २९ आणि ३० वर सह्या घ्या आणि तीस दिवसांत नाव बदलण्याचा अर्ज आरटीओत द्या. विमा आपल्या नावावर करून घ्यायला चौदा दिवसांची मुदत असते. कर्नाटकातली गाडी स्वस्त दिसते. पण तिथली एनओसी आणि इथला कर धरून मग किंमत ठरवा.

“नाव नंतर करू, घाई काय आहे?” असे एजंट म्हणतो. आपली भोळी माणसे ऐकतात. २०१८ साली सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले की अपघाताच्या वेळी आरटीओच्या दप्तरात ज्याचे नाव आहे, तोच कायद्याने मालक. म्हणजे गाडी विकून मोकळा झालेला जुना मालक भरपाईच्या दाव्यात अडकतो. आणि गाडीचे नुकसान झाले तर नव्या मालकाला विम्याचा पैसा मिळायला अडचण येते. आपण विकणारे असू किंवा घेणारे, नाव बदलल्याचा कागद हाती आल्याशिवाय व्यवहार पुरा झाला असे धरू नये.

पेठ नाक्याकडून महामार्गाने कराड-साताऱ्याकडे रोज जाणाऱ्यांसाठी आणखी एक. १५ ऑगस्ट २०२५ पासून खासगी मोटारींना फास्टॅगचा वार्षिक पास मिळू लागला. सुरुवातीला तो तीन हजार रुपयांत दोनशे फेऱ्यांचा होता. आपला नाका त्यात येतो का आणि आजचा दर काय, ते विचारून घ्या. जुन्या मालकाचा फास्टॅग मात्र वापरू नका, आपल्या नावाचा घ्या.

गाडी दारात आली की शेजारीपाजारी विचारतील, मुहूर्त कोणता धरला, लिंबू-मिरची कुठे आहे? ज्या दिवशी मिस्त्रीला सवड आणि आरटीओ उघडे, तो दिवस चांगला. लिंबाच्या पैशात चाकांतली हवा तपासून घ्या. पहिल्या दिवशी घरच्यांना बसवून विहारात जा, वंदना घ्या, पंचशील म्हणा. त्यातले पाचवे शील चालकाने रोज पाळायचे आहे. सीटबेल्ट मागे बसलेल्यांनीही लावायचा. आणि रात्रपाळी करून डोळे मिटत असतील तर गाडी कडेला घेऊन अर्धा तास झोपायचे. घरचे वाट पाहतील, पाहू द्या.

हा हिशेब या रविवारी नवरा-बायकोने एकत्र बसून, वहीत आकडे मांडून करावा. घराचा महिना कसा भागतो हे तिलाच जास्त ठाऊक असते. आकडे जुळले तर गाडी जरूर घ्या. जुळले नाहीत तर वर्षभर थांबा, तोवर सोबती जमवा आणि पैसे साठवा.

जय भीम!