धुऱ्यावरचं फाटक

शेजारच्या ले-आउटला लागून असलेली आमची भिंत पडली आणि दोन्हीकडचे रस्ते मिळाले. लगेच तिथे फाटक बसवायची वर्गणी सुरू झाली. ओपन स्पेसवरच्या हनुमान मंदिरात बैठक बसली. “लेकरं खेळतेत इथं, बाहेरच्या गाड्या कायले येऊ द्याच्या?” एका काकाजींनी विचारलं. त्याच बैठकीत दुसरा ठराव झाला : रस्त्याच्या डांबरीकरणासाठी पालिकेला निवेदन द्यायचं. म्हणजे डांबर सगळ्यांच्या करातून आणि चाकं फक्त आपली!

यवतमाळात असे तुटक रस्ते जागोजाग आहेत. वडगाव, लोहारा, वाघापूर, उमरसरा ही गावं नगर परिषदेत नंतर आली. त्याआधीच एकेक शेत एन.ए. होऊन ले-आउट पडत गेले. शेत संपलं तिथे रस्ताही संपला. कपाशी गेली, तूर गेली, धुरा तेवढा राहिला. भिंतीपलीकडच्या घरी जायला मेन रोडवरून वळसा घालायचा आणि दारव्हा रोड, आर्णी रोडवरच्या गर्दीत आपलीही भर टाकायची.

आपलं खरेदीखत काढून पाहा. चतुःसीमेत ‘पूर्वेस रस्ता’ असं लिहिलेलं असतं. विकत घेतलेल्या चौरस फुटांत तो रस्ता नसतो. २०२० च्या एकत्रित विकास नियंत्रण नियमावलीतही शेजारच्या जमिनींतल्या रस्त्यांशी मेळ घालण्याची तरतूद आहे. नकाशातला रस्ता पुढे जाण्यासाठीच असतो.

काकाजींची भीती मात्र खोटी नाही. वाट मोकळी झाली की रेतीचे टिप्पर तिथूनच घुसतात आणि पहिल्याच पावसाळ्यात गिट्टी उघडी पडते. दुरुस्तीचं विचारलं की उत्तर मिळतं, रस्ता अजून हस्तांतरित व्हायचा आहे. वाहतूक सार्वजनिक आणि खड्डे खाजगी, हेही चालणार नाही.

म्हणून ठराव करायचाच तर पुरता करा. नगर परिषदांच्या १९६५ च्या कायद्यानुसार खाजगी रस्ता सार्वजनिक म्हणून जाहीर करता येतो. आधी ते मागा. सोबत नाली, दिवे, गतिरोधक आणि जड वाहनांना बंदी मागा. लेकरांचा जीव वेगाने जातो, परक्या माणसाने नव्हे; आणि वेग आपल्या पोरांच्या बाइकलाही असतो. कुलूप मात्र रात्री ॲम्ब्युलन्सलाही अडवतं.

इतकं करूनही फाटकच हवं असेल, तर डांबरही वर्गणीतूनच टाका.