विजेची मोटार आणि उमरखेडचा रस्ता

कर कोणासच नको असतो. रस्ता मात्र सर्वांस हवा असतो. मार्च २०२५ मध्ये राज्याच्या अर्थसंकल्पात ३० लाख रुपयांहून अधिक किमतीच्या विजेच्या मोटारींवर ६ टक्के वाहनकर सुचविण्यात आला. महिना उलटण्यापूर्वीच तो मागे घेतल्याची घोषणा मुख्यमंत्र्यांनी विधिमंडळात केली. पाठोपाठ आलेल्या नव्या धोरणाने विजेच्या वाहनांना वाहनकर माफ केला. शिवाय समृद्धी महामार्ग, अटल सेतू आणि मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग येथे त्यांच्या मोटारींना व बसगाड्यांना टोलही माफ केला.

या औदार्यातून यवतमाळच्या पदरी काय पडले? समृद्धी महामार्ग दहा जिल्ह्यांतून जातो. त्यांत यवतमाळ नाही. मूर्तिजापूरला जाणारी शकुंतला रेल्वे बंद पडली आहे. उमरखेडच्या शेतकऱ्यास जिल्हा कचेरी गाठावयाची तर शंभराहून अधिक किलोमीटर रस्ताच तुडवावा लागतो. तो दुचाकीवर निघतो आणि पेट्रोलच्या प्रत्येक लिटरबरोबर केंद्राचे उत्पादनशुल्क, रस्त्यांसाठीचा उपकर आणि राज्याचा विक्रीकर मुकाट्याने भरतो. पुण्यातील ३० लाखांच्या मोटारीचा धनी मात्र यांतून सुटतो. हा न्याय उलटा आहे.

विजेच्या वाहनांस उत्तेजन देऊ नये, असे आमचे म्हणणे नाही. धूर कमी व्हावा, परदेशी तेलावरील खर्च घटावा, हे देशाच्या हिताचेच आहे. परंतु उत्तेजनाची गरज दुचाकीस्वारास व रिक्षावाल्यास आहे, धनिकास नव्हे.

पेट्रोलची विक्री घटू लागली की सरकारला नवा कर शोधावाच लागेल. न्यूझीलंडने एप्रिल २०२४ पासून विजेच्या मोटारींवर अंतराच्या हिशेबाने आकारणी सुरू केली. तोच मार्ग येथे जसाच्या तसा पत्करल्यास पुन्हा भरडला जाईल तो खेड्यातलाच माणूस. कारण लांबचा प्रवास ही त्याची हौस नव्हे, लाचारी आहे.

म्हणून आमचे स्पष्ट मत असे की, कर गाडीच्या किमतीवर असावा, अंतरावर नसावा. मागे घेतलेला ६ टक्के कर पुन्हा लावावा, दुचाकी व रिक्षा करमुक्त ठेवाव्यात आणि आलेला पैसा तालुक्याच्या गावी चार्जिंगची सोय करण्यास व ग्रामीण रस्त्यांच्या दुरुस्तीस राखून ठेवावा. ज्याच्या दारापर्यंत सवलत पोहोचतच नाही, त्याच्याच खिशातून तिची किंमत वसूल करणे कोणत्याही लोकशाही सरकारास शोभत नाही.