धागा तुटला की थांबणारे यंत्र

अब्बा यंत्रमागावर काम करायचे. लहानपणी त्यांचा डबा घेऊन गेलो की एक गंमत पाहत उभा राहायचो. आडवा धागा तुटला की माग आपोआप बंद पडायचा. धागा जागेवर नाही हे ओळखणारा एक छोटा काटा मागाला असतो. धोटा मध्येच अडकला तरी माग थांबतो, नाहीतर शेकडो उभे धागे एका फटक्यात तुटतील. कापडाची एवढी काळजी! उघड्या पट्ट्यात कुणाची बाही गेली तर मात्र माग चालूच.

हे आठवले ते गेल्या ईदला घरी आलेल्या एका माजी विद्यार्थ्यामुळे. आयटीआय करून तो पॉवर प्रेसवर लागला होता. शीरखुर्म्याची वाटी त्याने डाव्या हाताने घेतली. उजव्या हाताची दोन बोटे अर्धीच उरली आहेत.

मी भाषेचा मास्तर, यंत्रातले मला काय कळणार? त्यानेच कागदावर काढून समजावले. प्रेसला दोन बटणे असतात. दोन्ही हातांनी एकदम दाबली तरच साचा खाली येतो. हात बटणांवर आहेत म्हणजे साच्याखाली नाहीत, इतका साधा हिशेब. याला इंटरलॉक म्हणतात. त्याच्या प्रेसचे एक बटण चिकटपट्टीने कायमचे दाबून ठेवलेले होते. त्याने नग भराभर निघतात. ‘‘सर, पहिल्याच दिवशी असंच शिकवलं.’’ कागदोपत्री कारण लागले, कामगाराचा निष्काळजीपणा.

हे मला मान्य नाही. चांगल्या सुरक्षा रिलेला ही चलाखी कळते. दोन्ही बटणे अर्ध्या सेकंदाच्या आत दाबली गेली पाहिजेत, आणि दोन्ही सोडल्याशिवाय पुढचा फेरा नाही. एक चिकटवले की प्रेस हलतच नाही. आणीबाणीचे लाल बटणही असे जोडतात, की त्याची तार तुटली तरी यंत्र थांबावे. म्हणजे माणूस थकेल, चुकेल, घाई करेल, हे धरूनच यंत्र बनवण्याची विद्या जुनी आहे. धोकादायक भागांना आडोसा हवा, हे १९४८ च्या कारखाने अधिनियमाचे कलम २१ सांगतच होते.

मग अडते कुठे? धागा तुटला तर नुकसान मालकाचे, बोट तुटले तर ज्याचे त्याचे.

यंदा दहावीच्या निरोप समारंभाला मी त्यालाच बोलावले आहे. आमची बरीच मुले पुढे कारखान्यांतच जातात. तो अजून हो म्हणत नाही. सगळ्यांसमोर माईक कोणत्या हातात धरू, विचारतो.