उत्तर न देणारा निरोप्या

गेल्या उन्हाळ्यातली गोष्ट. पहाटे नळाला पाणी आले, हौद भरला, भरून रस्त्यावर वाहिला आणि गच्चीवरची टाकी मात्र कोरडीच राहिली. छत्रपती संभाजीनगरला पाणी येते ते पैठणच्या जायकवाडी धरणातून. आमच्या वस्तीत ते रोज येत नाही. एक पाळी हुकली, की पुढची येईपर्यंत घागरी मोजाव्या लागतात. ‘हौद भरला, पंप चालू कर’ हा निरोप देण्याचे काम मी एका छोट्या उपकरणावर सोपवले होते. वेगळी तार न ओढता घरातल्या विजेच्या तारांतूनच ते निरोप धाडते. त्या पहाटे निरोप निघाला, पण पंपापर्यंत पोहोचला नाही.

विजेच्या तारेतून निरोप जातो तरी कसा? आपल्या घरातल्या विजेची वारंवारता ५० हर्ट्झ असते. म्हणजे तिचा दाब सेकंदाला १०० वेळा शून्यातून जातो. स्कॉटलंडमधील पिको इलेक्ट्रॉनिक्स या कंपनीने १९७५ साली ‘एक्स-१०’ नावाची पद्धत तयार केली. तीत या शून्याच्या क्षणी १२० किलोहर्ट्झची, सुमारे एक सहस्रांश सेकंद टिकणारी लहर तारेवर सोडतात. लहर आली की नाही, यावरून १ आणि ० हे अंक ओळखायचे आणि अंकांवरून हुकूम. पुढे इतर पद्धती निघाल्या, पण मूळ कल्पना हीच.

मग निरोप हरवतो कुठे? पुष्कळांना वाटते, अंतरामुळे. मला वाटते, घरात तो बहुधा हरवत नाही, खाल्ला जातो! संगणकासारख्या उपकरणांत गोंगाट रोखण्यासाठी दोन तारांमध्ये एक धारित्र, म्हणजे कंडेन्सर, जोडलेले असते. १ ला २ × पाय × वारंवारता × धारिता यांच्या गुणाकाराने भागा, की धारित्राचा विरोध मिळतो. ०.१ मायक्रोफॅरडचे धारित्र घेऊन गणित करून पाहा. ५० हर्ट्झला विरोध येतो सुमारे ३२,००० ओहम. घरच्या विजेला ही वाट जवळजवळ बंदच. १२० किलोहर्ट्झला मात्र अवघा १३ ओहम! निरोपाला ते सताड उघडे दार.

आमच्या घरातला चोर माझ्या मुलीने शोधला. एकेक उपकरणाची पिन काढायची आणि निरोप पाठवून पाहायचा, एवढाच प्रयोग. नव्या संगणकाची पिन काढताच पंप सुरू झाला. संगणक बंद होता, पण भिंतीवरचे बटण चालूच होते.

अशा वेळी लोक अधिक जोरदार उपकरण आणतात. हा उपाय मला पटत नाही. चोर तिथेच राहतो. उच्च दाबाच्या वीजवाहिन्यांवरूनही असेच संदेश जातात. उपकेंद्रात वाहिनीच्या टोकाशी पिंपासारखे मोठे वेटोळे टांगलेले तुम्ही पाहिले असेल. ते ५० हर्ट्झची वीज सोडते, पण संदेशाची लहर भलतीकडे जाऊ देत नाही. घरीही संगणक आणि भिंत यांच्यामध्ये अशाच वेटोळ्याचा तयार फिल्टर लावता येतो. आम्ही तेच केले.

पण तेवढ्याने माझे समाधान झाले नाही. उद्या घरात आणखी एखादा चार्जर येईल. खरी उणीव ही, की माझे उपकरण निरोप पाठवून गप्प बसत होते. पंपाकडून ‘मिळाला’ असे उत्तर यावे, न आल्यास निरोप पुन्हा जावा, तरीही न आल्यास घंटा वाजावी. दिवाणखान्यातला दिवा लागला नाही तर आपण उठून लावू. पाण्याची पाळी उत्तर न देणाऱ्या निरोप्यावर सोपवू नये.

पिना काढण्याचा प्रयोग घरी जरूर करा. मात्र आधी बटण बंद करा आणि मोठ्यांना सोबत घ्या. बोर्ड उघडू नका. तिथे २३० व्होल्ट आहेत!